क्षमेची परीक्षा

डहाणूच्या खाडीकाठी असलेल्या औष्णिक वीजकेंद्राची २७५ मीटर उंचीची चिमणी समुद्रावरून परतणाऱ्या मांगेल्याला जशी नावेतून दिसते, तशीच ती चिकूच्या वाडीत फळे उतरविणाऱ्या वारली मजुरालाही दिसते. परंतु त्या चिमणीच्या पायथ्याशी निर्माण होणारी पाचशे मेगावॉट वीज २२० केव्हीच्या ज्या तारांवरून मुंबईच्या उपनगरांकडे रवाना होते, त्या तारांकडे दोघांपैकी कोणी मुद्दाम मान वर करून पाहत असेल असे वाटत नाही. भात कापणीला आलेले असते, आश्विनातले आभाळ दुपारनंतर अकस्मात भरून येते, आणि रानात कोठेतरी एका मनोऱ्यावर वीज कोसळते. रोधकांच्या माळेवरून ज्वाळेचा लोळ उठतो, तारेतला प्रवाह मनोऱ्याच्या पोलादातून जमिनीत शिरू लागतो, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत दोन्ही टोकांचे ब्रेकर त्या एका तारेला बाकीच्या जगापासून तोडून टाकतात, आणि सुमारे एका सेकंदाने, कोणाही माणसाचा हात न लागता, ती तार पुन्हा जोडली जाते. उपनगरातल्या एखाद्या घरात दिवा किंचित मंदावतो आणि पूर्ववत होतो. वर्तमानपत्र वाचणारा मनुष्य पान उलटतो. त्या एका सेकंदात जे घडले त्याला क्षमा म्हणावे की म्हणू नये, हा प्रश्न माझ्या मनाने गेली कित्येक वर्षे सोडलेला नाही.

वाहिन्यांच्या संरक्षणाचे रिले तपासण्यात ज्याच्या नोकरीची बहुतेक वर्षे गेली, त्याने धर्माधर्माच्या विचारात का पडावे, असे कोणी विचारील. परंतु याज्ञवल्क्यस्मृतीचे आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे जे तीन अध्याय आहेत, त्यांतला तिसरा अध्याय ज्या प्रश्नासाठी लिहिला गेला, तोच प्रश्न आमच्या पॅनेलमधल्या रिलेच्या लहानशा पेटीपुढे दर पावसाळ्यात उभा राहतो: ज्याच्या हातून दोष घडला, त्याला पुन्हा व्यवहारात घ्यावे काय, केव्हा घ्यावे, आणि किती वेळा घ्यावे? शास्त्रकारांनी या प्रश्नावर शेकडो श्लोक खर्ची घातले. पेटीला त्यासाठी एक सेकंद मिळतो.

उघड्या आकाशाखालून जाणाऱ्या वाहिनीवर जे दोष उद्भवतात, त्यांपैकी दहांत सुमारे आठ आगंतुक असतात, असा जगभरच्या अभियंत्यांचा अनुभव आहे. वीज पडते, ओले वेल तारेला स्पर्श करतात, समुद्रावरून आलेले मीठ रोधकांवर साचून पहाटेच्या दवात त्याचा ओलसर थर होतो, पक्षी घरट्यासाठी आणलेली तार मनोऱ्यावर टाकून जातो; ठिणगी पेटते, पण प्रवाह तोडला की ती विझते, आणि जिच्या अंगावर ती पेटली होती ती हवा काही क्षणांत पहिल्यासारखी निर्लेप होते. हवेचा हा गुण मला नेहमीच विलक्षण वाटत आला आहे. जखम झाली याची कोणतीही खूण ती स्वतःच्या ठायी ठेवीत नाही. उरलेले दोन दोष मात्र स्थायी असतात: तार तुटून पडलेली असते, रोधक फुटलेला असतो, झाड आडवे झालेले असते, तेथे पुन्हा प्रवाह सोडणे म्हणजे त्याच जखमेवर दुसरा घाव घालणे होय.

आता यातली खरी अडचण अशी की, दोष घडतो त्या क्षणी आगंतुक कोणता आणि स्थायी कोणता हे रिलेला ओळखता येत नाही. दोन्ही प्रसंगी प्रवाह तसाच उसळतो, दाब तसाच ढासळतो, अंतराचे गणित तेच उत्तर देते. तोडलेल्या तारेवर शेजारच्या तारांमुळे जो थोडासा दाब उमटतो तो वाचून तर्क बांधणारे नवे रिले निघाले आहेत, पण तेही अनुमानच; आणि अनुमानाला धूर लागतो, येथे तर धूर आणि अग्नी दोन्ही एकाच वेळी नाहीसे झालेले असतात. दोष गेला की राहिला याचे निश्चित ज्ञान होण्यास एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तार पुन्हा जोडून पाहणे. नैतिक विचारात आपण सामान्यतः असे धरून चालतो की, प्रथम अपराध्याची परीक्षा करावी, त्याच्या अंतःकरणात पालट झाला आहे अशी खातरजमा करून घ्यावी, आणि मग त्याला क्षमा करावी. वाहिनीच्या बाबतीत हा क्रम उलटा होतो. जोडणे हेच तेथे जाणण्याचे साधन ठरते. क्षमा ही ज्ञानानंतरची कृती न राहता स्वतःच एक प्रमाण होऊन बसते. आणि माणसाच्या बाबतीत क्रम याहून वेगळा असेल असे मानण्यास मला तरी आधार सापडलेला नाही, कारण तुरुंगाच्या कोठडीत दहा वर्षे सभ्यपणे वागलेला मनुष्य बाहेर कसा वागेल, हे त्याला बाहेर सोडल्यावाचून कोणत्या साक्षीदाराने सांगावे?

मात्र जोडण्यापूर्वी थांबावे लागते. या थांबण्याला आमच्याकडे डेड टाइम म्हणतात. ठिणगीने तापून वाहक झालेली हवा निवण्यास अवधी हवा; तो न देता तार जोडली तर विझू पाहणारी ज्वाळा पुन्हा भडकते. तिन्ही तारा एकदम तोडल्या तर २२० केव्हीच्या वाहिनीला सेकंदाच्या एक-तृतीयांशाइतका अवधी जवळजवळ पुरतो. पण तिघींपैकी दोषी असलेली एकच तार तोडली, म्हणजे शेजारच्या दोन निर्दोष तारा, ज्यांच्यातून वीज वाहतच असते, त्या आपल्या सान्निध्यानेच तुटलेल्या तारेवर थोडा दाब चढवितात आणि जखमेतली ठिणगी मंदपणे पोसत राहतात. म्हणून आपल्याकडे एकेरी जोडणीसाठी साधारणपणे पूर्ण एक सेकंद थांबण्याचा परिपाठ आहे. ज्यांनी काही अपराध केलेला नाही, ज्यांची काही वाईट इच्छाही नाही, अशा शेजाऱ्यांच्या केवळ जवळ असण्याने एखाद्याच्या दोषाचा विस्तव धुमसत राहतो, हे गावात राहिलेल्या वाचकाला मी अधिक फोड करून सांगावे असे नाही.

तारेला जी क्षमा आहे ती ट्रान्स्फॉर्मरला नाही, जमिनीखालच्या केबललाही नाही. त्यांचे रोधन कागदाचे, तेलाचे किंवा प्लॅस्टिकचे असते. ठिणगीने कागद एकदा जळून काळा झाला की तो पुन्हा पांढरा होत नाही, आणि त्यातून जी कोळशाची वाट तयार होते तिच्यावरूनच पुढचा प्रवाह धावतो. म्हणून ट्रान्स्फॉर्मरच्या अंतर्गत दोषावर ब्रेकर उघडला की तो आपोआप मिटत नाही; मनुष्य जातो, तेल तपासतो, जबाबदार अधिकारी लेखी हुकूम देतो, मग पुढचे. दोषाची चिकित्सा करताना दोष केवढा मोठा होता हे आपण विचारतो, पण तो कशात घडला, हवेत की कागदात, हे विचारणे त्याहून महत्त्वाचे आहे असे माझे मत झाले आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक ठरविला, आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ च्या डिसेंबरात न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले, तेव्हा त्या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी हाच विवेक होता: येथली रेती, खाडी, चिकूची वाडी आणि रान ही हवेसारखी नाहीत, कागदासारखी आहेत, येथे एकदा जळले ते आपोआप पूर्ववत होणार नाही. वीजकेंद्राच्या धुरातला गंधकाचा वायू धुऊन काढण्याची यंत्रणा या प्राधिकरणाने आग्रहाने बसवून घेतली आणि ती २००७ साली चालू झाली, ती याच विवेकापोटी.

आणखी एक गोष्ट याच मुलखातली. तलासरीजवळच्या झरी येथे १९४५ च्या मे महिन्यात वारल्यांची जी परिषद भरली, तीत वेठ आणि लग्नगडी या दोन गोष्टी बंद करण्याचा निश्चय झाला. लग्नापुरते घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या दारी आयुष्यभर राबावे, हा त्या काळचा सर्रास व्यवहार होता. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी हे काम हाती घेतले त्यापूर्वी वारल्यांनी कधी हूं की चूं केले नव्हते असे नाही. परंतु प्रत्येक वेळी जमीनदार, जंगलचा ठेकेदार आणि सरकारचा शिपाई मिळून ते मोडून काढीत आणि कामकाज पूर्ववत झाल्याचा शेरा दप्तरात पडे. आमच्या भाषेत सांगावयाचे तर दोष स्थायी होता, तार तुटून जमिनीवर पडलेली होती, आणि वरचे अधिकारी ती आगंतुक ठिणगी समजून पुन्हा पुन्हा प्रवाह सोडीत होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड व त्याचे सोबती प्राणांस मुकले. अन्याय जेथे व्यवस्थेच्याच हाडात मुरलेला असतो, तेथे अन्याय सोसणाऱ्याला क्षमेचा आणि सबुरीचा उपदेश करणे हे पुण्यकर्म आहे असे मी मानीत नाही.

आता परीक्षेकडे वळतो, कारण माझे आयुष्य त्यातच गेले.

तार आपोआप पुन्हा जोडणारा, म्हणजे ऑटो-रिक्लोजचा, रिले तपासावयाचा म्हणजे टेस्टिंग किटमधून त्याला लुटुपुटीचा प्रवाह आणि लुटुपुटीचा दाब द्यावयाचा, एका तारेवर दोष झाला असा आभास निर्माण करावयाचा, आणि तो तोडण्याची, म्हणजे ट्रिपची, आज्ञा किती मिलिसेकंदांत देतो, किती वेळ थांबतो, जोडण्याची आज्ञा देतो की नाही, हे घड्याळाशी ताडून पाहावयाचे. हे काम सोपे आहे. एका सकाळी आटोपते. परंतु या परीक्षेत सिद्ध झाले काय? पेटीला आपले कर्तव्य ठाऊक आहे, इतकेच. क्षमा पेटीत नसते. तिच्या आज्ञेवरून ब्रेकरच्या तीन पोलांपैकी त्या एका तारेच्याच पोलाची स्प्रिंग सुटली पाहिजे, त्या स्प्रिंगमध्ये पुन्हा मिटून पुन्हा उघडण्याइतकी ताकद शिल्लक असली पाहिजे, गॅसचा दाब पुरेसा असला पाहिजे, शेकडो तारांच्या गुंत्यातून ब्रेकरची खरी स्थिती रिलेपर्यंत पोहोचली पाहिजे, आणि शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या टोकाच्या रिलेनेही त्याच क्षणी तोच निर्णय घेतला पाहिजे. ही सारी साखळी एकत्र तपासावयाची तर वाहिनी बंद ठेवावी लागते. तिचा शटडाऊन मिळणे दुरापास्त. आणि मिळाला तरी बंद वाहिनीवर ना तो भार असतो, ना तो दाब, ना ते वादळ. ज्या परिस्थितीत गुणाची गरज पडावयाची, ती परिस्थिती परीक्षेच्या दिवशी गैरहजर असते. दोन्ही टोकांना उपग्रहाच्या घड्याळाने एककाल साधून एकाच क्षणी खोटा दोष देण्याची रीत आता आली आहे आणि ती फार मोलाची आहे. तरीही ती खोट्या दोषाचीच परीक्षा राहते.

याहून कठीण परीक्षा निषेधाची. रिलेने जोडू नये असे प्रसंग पुष्कळ: बसबारवर दोष झाला असता, ब्रेकर स्वतःच निकामी ठरला असता, दुसऱ्या टोकाने थेट ट्रिपचा संदेश धाडला असता, दोष दूरच्या झोनमध्ये असून ट्रिप विलंबाने आली असता, माणसाने हाताने वाहिनी नुकतीच चार्ज केली असून ती लगेच ट्रिप झाली असता, पहिल्या तारेच्या डेड टाइममध्येच दुसऱ्या तारेवर दोष पसरला असता. या प्रत्येक प्रसंगी जोडणी होत नाही हे सिद्ध करावयाचे आहे. होते ते दाखविणे सोपे. होत नाही ते कसे दाखवावे? कुमारिल भट्टांच्या अनुयायांनी आणि अद्वैत्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, जमिनीवर घडा नाही हे ज्ञान घडा न दिसण्यानेच होते असे म्हटले. पण त्याला अट घातली की, घडा असता तर दिसलाच असता अशी स्थिती हवी. माझ्या तरुणपणी हे वाचले तेव्हा तो शब्दच्छल वाटला होता. पुढे टेस्टिंग करताना उमगले की, जोडणीची आज्ञा आली नाही म्हणून आनंद मानण्यापूर्वी आज्ञेची तारच सुटलेली नाही ना, हे पाहणे म्हणजे हीच अट. एखादा मनुष्य सूड घेत नाही म्हणून त्याला क्षमाशील म्हणण्यापूर्वी त्याच्या अंगी सूड घेण्याचे सामर्थ्य होते काय, हे विचारावे लागते ते याच न्यायाने.

एक प्रसंग सांगतो. तो माझ्याच सहीचा आहे. एका उपकेंद्रात वाहिनीचा रिले मी स्वतः तपासला. डेड टाइम एक सेकंद, अचूक. ब्रेकरच्या पेटीत आणखी एक लहान रिले असतो. तिन्ही पोलांपैकी एक उघडा आणि दोन मिटलेले अशी विसंगती ठरावीक काळाहून जास्त टिकली तर तो तिन्ही पोल उघडून टाकतो. तोही कोणीतरी तपासला होता, तोही अचूक होता. परंतु त्याचा काळ अर्ध्या सेकंदाचा लावलेला होता. दोन्ही अहवालांवर "ठीक" असा शेरा पडला, दोन्ही दप्तरी दाखल झाले, आणि दोन्ही खरे होते. पावसाळा संपता संपता वाहिनीवर वीज पडली. माझ्या रिलेने एक पोल उघडला आणि तो सेकंद मोजू लागला. अर्धा सेकंद होताच दुसऱ्या रिलेने, आपल्या समजुतीप्रमाणे कर्तव्यदक्षतेनेच, उरलेले दोन पोलही उघडले. क्षमा पूर्ण होण्याच्या आत तिचा गळा आवळला गेला. कोणाच्या जिवावर बेतले नाही, पण वाहिनी काही तास बंद राहिली आणि ज्यांच्या घरी अंधार झाला त्यांना त्याचे कारण कधीच कळले नाही. दोन सज्जन आपापल्या जागी निर्दोष असून त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत अपराध घडू शकतो, आणि त्या मोकळ्या जागेची परीक्षा घेण्याचे काम कोणाच्याच नावे नसते, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगत आलो की, रिले तपासू नका, घटना तपासा.

मग खऱ्याखुऱ्या दोषानेच परीक्षा का घेऊ नये? जिवंत वाहिनीवर मुद्दाम दोष घडवून पाहण्याचे प्रयोग झाले आहेत, पण क्वचित. कारण अशा प्रत्येक दोषाने ब्रेकरचे आयुष्य काहीसे झिजते, आणि वीजकेंद्राच्या निकट तर तिन्ही तारा एकदम झटकन जोडण्याने जनित्राच्या दांड्याला पिळाचा जबर हिसका बसण्याचा धोका असतो. येथे मला मराठेशाहीतल्या दिव्यांची आठवण होते. वतनाच्या तंट्यात साक्षीपुरावे खुंटले म्हणजे गोतसभा दिव्याचा हुकूम करी. रवादिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, हातावर पिशवी बांधून मोहोर करावयाची, काही दिवसांनी ती सोडून भाजल्याच्या खुणा पाहावयाच्या, आणि त्यावरून निवाडा होऊन महजर लिहिला जावयाचा. त्या परीक्षेत सत्याची परीक्षा होत होती की कातडीची, हा प्रश्न आज कोणीही विचारील; पण तिच्यातला खोल दोष वेगळाच होता. परीक्षा घेताना ज्याची परीक्षा घ्यावयाची त्यालाच ती जायबंदी करीत होती. माणसाची निष्ठा पाहण्यासाठी त्याच्यावर मुद्दाम संकट आणणारे घरांत असतात, कचेऱ्यांत असतात. पुराणांतले देवही कधी कधी तसे वागतात, आणि त्या कथा कितीही गोड असल्या तरी त्यांतला देव मला कधी थोर वाटला नाही.

तरीही खोट्या दोषाच्या परीक्षेने मन भरत नाही, म्हणून खऱ्या दोषाची एक परीक्षा सांगतो, जी महाराष्ट्रातच झाली. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी गेल्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत वसविली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांनी तेथे भिंतीवाचून, बेड्यांवाचून, बायकामुलांसह राहावे आणि शेती करावी, अशी तजवीज होती. पुढे १९५७ साली व्ही. शांताराम यांचा "दो आँखें बारह हाथ" हा जो चित्रपट आला, त्याच्यामागे हीच वसाहत होती, आणि त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. या प्रयोगामागे पंतप्रतिनिधींच्या बरोबरीने उभा असलेला मनुष्य म्हणजे मॉरिस फ्रीडमन. वॉर्सात जन्मलेला हा गृहस्थ म्हैसूर सरकारच्या बंगळुरातील विद्युत् कारखान्याचा प्रमुख म्हणून या देशात आला. धंद्याने तो विजेचा अभियंता होता. पुढे त्याच फ्रीडमनने मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी संभाषणे इंग्रजीत उतरवून १९७३ साली जगापुढे ठेवली. विजेच्या माणसाने कैद्यांच्या मुक्ततेत आणि आत्मज्ञानाच्या संभाषणांत सारखेच मन घालावे, याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटत नाही. प्रवाह तोडणे किती सोपे आणि जोडणे किती जोखमीचे, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला वेगळे शिकवावे लागत नाही. स्वतंत्रपुरात कैदी पळून जाईल की राहील हे आधी कळण्याची सोय नव्हती. दार नसल्यामुळेच ते कळले.

पण किती वेळा? उच्चदाबाच्या वाहिनीला आपल्याकडे एकच संधी देतात. जोडल्यावर दोष तसाच असेल तर तिन्ही पोल उघडतात आणि रिले स्वतःला कुलूप घालतो; यानंतर माणसाने यावे. ब्रेकरच्या कुवतीचेही असेच लिखित वेळापत्रक आहे: उघडणे, ०.३ सेकंदाने मिटणे-उघडणे, आणि पुढच्या मिटण्या-उघडण्यापूर्वी तीन मिनिटे विश्रांती. क्षमा करणाऱ्याचीही दमछाक होते, ही गोष्ट क्षमेवर प्रवचन करणारे सहसा सांगत नाहीत. मात्र यातला सर्वांत सुंदर भाग मला निराळाच वाटतो. जोडलेली तार टिकली, की रिले एक ठरावीक काळ, बहुधा पंचवीस सेकंद, सावधपणे थांबतो, आणि तेवढ्यात काही झाले नाही तर मागचा दोष विसरून जातो. त्यानंतर तासाभराने पुन्हा वीज कोसळली तर तो तिला पहिला अपराध समजूनच वागवितो. घटनेची नोंद यंत्रात राहते, अभियंता ती वाचतो, पण निवाडा करणाराच्या मनात ती उरत नाही. याच्याशेजारी १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा ठेवून पाहावा: जन्मालाच दोष ठरविला, हजेरीचे रजिस्टर केले, आणि विसरण्याचा काळ काही लावलाच नाही; १९५२ साली तो कायदा रद्द होईपर्यंत पिढ्या गेल्या, आणि पोलीसपाटलाच्या मनातले रजिस्टर त्यानंतरही मिटले असे म्हणवत नाही.

एवढे लिहून झाल्यावर मला माझ्याच विचारातली एक उणीव दिसते, ती अशी की, क्षमेची जोखीम कोणाच्या अंगावर पडते हे मी अद्याप विचारलेले नाही. २०१८ च्या नोव्हेंबरापासून धुंदलवाडी आणि तलासरीच्या परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि महिनोन् महिने होत राहिले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का त्यांत मोठा होता. लोक थंडीत रात्री घराबाहेर, तंबूंत, झाडाखाली झोपत. प्रत्येक धक्क्यानंतर प्रत्येक कुटुंबापुढे तोच प्रश्न: आता आत जावे काय? गेला धक्का शेवटचा होता की पुढचा यावयाचा आहे, हे सांगणारे यंत्र जगात कोठेही नाही. रिलेचा आणि त्या घरधन्याचा प्रश्न तंतोतंत एक. पण रिले चुकला तर दुसऱ्याचे जाते, घरधनी चुकला तर त्याचे स्वतःचे आणि त्याच्या लेकरांचे. म्हणून त्याने पाखाखाली पाऊल ठेवले तर तो विश्वास, आणि सुरक्षित कचेरीत बसलेल्या कोणी त्याला "काही होत नाही, जा आत" असे सांगितले तर ती बेपर्वाई.

हाच भेद खेड्यांना वीज पुरविणाऱ्या फीडरवर रोज उभा ठाकतो. पावसात फीडर ट्रिप होतो. गावागावांतून फोन येऊ लागतात. उपकेंद्रातला ऑपरेटर ट्रायल घेतो, म्हणजे ब्रेकर पुन्हा मिटवून पाहतो. बहुतेक वेळा फीडर उभा राहतो, कारण दहांत आठ दोष आगंतुकच. पण नवव्या वेळी तार तुटून भाताच्या खाचरात पडलेली असते आणि लावणीला वाकलेल्या बाईचा पाय त्याच चिखलात असतो. ऑपरेटर दुष्ट नसतो. तो अंधारातल्या गावांवर दया करीत असतो. परंतु जी दया तिसऱ्याच्या प्राणांवर घेतली जाते तिला दया म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि क्षमा परमधर्म आहे असे म्हणणाऱ्या सर्व थोर ग्रंथांचा मान राखूनही ते मी बदलणार नाही. धोका कोठे ठेवावा हे वारल्यांना ठाऊक होते. त्यांनी वाघाला गावातून नाहीसे केले नाही, त्याला देव केले, चंद्रसूर्यांसह लाकडावर कोरले, वाघबारशीला त्याची पूजा लावली. पण त्याचे ठाणे मांडले ते सीमेवर. लेकरे निजतात त्या पाखाखाली त्यांनी ते आणले नाही.

म्हणून टेस्टिंगच्या कामात नव्याने येणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे की, जोडणाऱ्या आज्ञेची परीक्षा एक वेळ घाईने झाली तरी चालेल, पण न जोडणाऱ्या आज्ञेची परीक्षा घाईने करू नका. प्रत्येक निषेधाचा प्रसंग वेगळा घडवून पाहा, परीक्षेसाठी सोडलेली प्रत्येक लिंक परत जोडल्याची खातरजमा स्वतःच्या डोळ्यांनी करा, आणि मगच सही करा. जिवंत वाहिनीवर हॉटलाइनचे पथक चढावयाचे असते तेव्हा दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांत ऑटो-रिक्लोजचा स्विच "नॉन-ऑटो"वर नेऊन त्याला पाटी टांगतात. शेवटचा माणूस मनोऱ्यावरून उतरून परमिट परत होईपर्यंत त्या वाहिनीला दुसरी संधी देत नाहीत.